गाडी डिझेल अधिक कां खाते?

घरांत नवी मोटार आली म्हणजे पहिलें वर्षभर तिच्या रंगाचें, आसनांचें आणि उंचीचें कौतुक चालतें. दुसऱ्या वर्षीं बोलण्याचा विषय पालटतो. "लिटरला किती देते?" असें पाहुणे विचारूं लागतात, आणि उत्तरांतला आंकडा दर दिवाळीला थोडाथोडा खालीं येतो. उंच, अवजड, सात माणसें पोटांत घेणाऱ्या ज्या डिझेल गाड्या 'एसयूव्ही' या नांवानें ओळखल्या जातात, त्यांच्या मालकांत ही तक्रार विशेष ऐकूं येते. 'ॲव्हरेज देत नाहीं' एवढेंच वाक्य घेऊन मालक गॅरेजमध्यें जातो, आणि तेथें त्याला जें उत्तर मिळतें तें बहुधा एखाद्या महाग सुट्या भागाचें नांव असतें.

पुण्यांतील एका गृहस्थांची हकीकत या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी आहे. २०२१ सालीं त्यांनीं अशी एक गाडी घेतली. त्या वेळीं कामानिमित्त त्यांना महिन्यांतून तीनचार वेळां नाशिकला जावें लागे, आणि गाडी लिटरला साडेतेरा किलोमीटर जाई. पुढें ते नोकरींतून निवृत्त झाले, नाशिकच्या फेऱ्या थांबल्या, आणि गाडी घरापासून तीन किलोमीटरांवरील नातवाच्या शाळेपर्यंत व मंडईपर्यंत फिरूं लागली. वर्षभरानें पाहतात तों लिटरला जेमतेम १० किलोमीटर! गॅरेजवाल्यानें चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला दिला. खर्चाचा अंदाज लाखाच्या घरांत गेला. पैसे भरावयाचें ठरलेंही होतें. परंतु घरखर्चाची वही ज्यांच्या हातीं, त्या त्यांच्या पत्नींनीं आधीं डिझेलच्या पावत्या पाहावयास मागितल्या. पावत्या आणि तक्रारीचा आंकडा यांचा मेळ बसेना.

मेळ न बसण्याचें कारण मोजण्याच्या पद्धतींत होतें. गृहस्थ दर वेळीं दोन हजार रुपयांचें डिझेल भरीत आणि टाकीचा कांटा पुन्हा पूर्वीच्या रेषेवर आला कीं भागाकार करीत. टाकीचा कांटा म्हणजे कांहीं सोनाराचा तराजू नव्हे. टाकीचा आकार वेडावांकडा असतो, गाडी चढावर उभी असली तर डिझेल एका अंगास झुकतें, आणि वीस-बावीस लिटरांच्या हिशेबांत दोन लिटरांची चूक सहज होते. म्हणजे शेंकडा दहाचा फरक गाडींत कांहीं न बिघडतांच पडला. बिनचूक रीत फार सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडतांच थांबावें, आणि किलोमीटरचा आंकडा टिपून ठेवावा. मग निदान चार-पांचशें किलोमीटर गाडी चालवून त्याच पंपावर, त्याच नळीनें, गाडी त्याच जागीं उभी करून पुन्हा पहिल्या बंद पडण्यापर्यंत भरावी. या दुसऱ्या वेळीं जितके लिटर मावले तितकेच मधल्या अंतराला लागले. डिझेलला फेंस येतो. घाईनें भरल्यास नळी लौकर बंद पडते आणि टाकी भरल्याचा भास होतो, म्हणून सावकाश भरवावें. गाडीच्या पुढच्या पडद्यावर जो आंकडा दिसतो तो इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून यंत्रानें केलेला अंदाज असतो. कालच्यापेक्षां आज कमी कीं जास्त हें सांगावयास तो बरा, पण पुरावा म्हणून नव्हे. पंपाच्या मापाविषयीं शंका असेल तर तेथें शिक्का मारलेलें ५ लिटरांचें माप ठेवलेलें असतें. मनांत संशय वागविण्यापेक्षां तें मागून घेऊन डिझेल मोजून पाहावें. तो ग्राहकाचा हक्कच आहे.

या रीतीनें मोजतां गृहस्थांच्या गाडीला ५०६ किलोमीटरांस ४६ लिटर लागले. म्हणजे लिटरला ११ किलोमीटर, १० नव्हे. एवढ्यावरही हिशेब पुरा झाला नव्हता. मधल्या काळांत चिरंजीवांच्या आग्रहानें २३५/६५ मापाचे टायर काढून २५५/६५ मापाचे रुंद टायर बसविले होते; रिम तीच, १७ इंचांची. जुन्या टायरचा व्यास सुमारें ७३७ मिलिमीटर, नव्याचा ७६३. म्हणजे नवें चाक दर फेऱ्याला शेंकडा साडेतीन अंतर अधिक तोडतें. परंतु किलोमीटर मोजणारें यंत्र फेरे मोजतें, त्याला टायर बदलल्याची वार्ता नसते. यंत्र ५०६ म्हणत होतें तेव्हां गाडी खरोखर ५२४ किलोमीटर चालली होती, आणि खरा आंकडा ११.४ होता. हमरस्त्यावरील किलोमीटरचे दगड यासाठीं अजूनही उपयोगी पडतात. वीस दगड ओलांडून यंत्र काय म्हणतें तें एकदां पाहून ठेवावें.

येथें गणिताची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. लिटरला किती किलोमीटर, ही आपल्याकडील मोजण्याची रीत खिशाच्या दृष्टीनें फसवी आहे. एखादी लहान गाडी १८ वरून २० वर गेली तर १०० किलोमीटरांमागें तिचें अर्ध्या लिटराहून थोडें अधिक डिझेल वांचतें. तेंच एक अवजड गाडी १० वरून १२ वर आली तर १०० किलोमीटरांमागें १.६७ लिटर वांचतें. फरक दोन्हीकडे दोनाचाच. पैशांत मात्र तिप्पट. म्हणून मोठ्या गाडीच्या मालकानें एका-दोहोंच्या घटीकडे काणाडोळा करूं नये, आणि ती शोधतांना वजाबाकी नेहमीं लिटरांत करावी.

मोजमाप झाल्यावर प्रश्न उरतो तो डिझेल जातें कोठें हा. रूडॉल्फ डिझेल या जर्मन संशोधकाचें इंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथील परीक्षेंत इंधनांतील उष्णतेच्या सुमारें २६ टक्के भागाचें कामांत रूपांतर करूं शकलें, तेव्हां जगाला आश्चर्य वाटलें. आज मोटारीचें डिझेल इंजिन रस्त्यावरील नेहमींच्या चालींत सरासरीनें सुमारें तिसरा हिस्सा कामास लावतें. बाकीची उष्णता धूर आणि रेडिएटर यांवाटे जाते. एक लिटर डिझेलमध्यें सुमारें ३.६ कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे चाकांच्या वांट्यास १.२ कोटी येतात. ही पुंजी हवा कापण्यांत, टायर दबण्यांत, चढ चढण्यांत आणि ब्रेक तापविण्यांत खर्च होते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० ऐवजीं १०० किलोमीटर वेग ठेवला तर तो दीडपटीहून अधिक होतो. आणि ज्या गाडीचें कपाळ कपाटासारखें उभें व रुंद, तिला याची झळ लहान गाडीपेक्षां पुष्कळ अधिक लागते. टपावर सामानाची जाळी कायमची बसविली असेल तर रिकामी असतांनाही ती वारा अडवीत राहते. कंपनीच्या पत्रकांतला आंकडा पाहून पुष्कळजण निराश होतात, परंतु तो आंकडा पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेसारख्या ठिकाणीं, गाडी रुळांवर उभी करून, वातानुकूलन बंद ठेवून, ठराविक तालावर आणि ताशीं ९० किलोमीटरांच्या आंत वेग ठेवून काढलेला असतो. गाड्यांची आपसांत तुलना करण्यास तो उपयोगी. घरच्या गाडीनें तो गांठलाच पाहिजे असा हट्ट धरूं नये.

चढाचा हिशेब तर पुणेंकरांनीं अवश्य करून पाहावा. मुंबई समुद्राच्या कांठीं आणि पुणें सुमारें ५६० मीटर उंचीवर. माणसांसकट २,२०० किलो वजनाची गाडी एवढी वर उचलण्यास सुमारें १.२ कोटी ज्यूल लागतात. वरच्या हिशेबानें हें बरोबर एक लिटर झालें. दीडशें किलोमीटरांच्या प्रवासांत दहा-अकरा लिटरांपैकीं एक लिटर नुसत्या बोरघाटाचा! म्हणून मुंबईहून येतांना गाडी कमी देते आणि जातांना अधिक देते, यांत रोग कांहीं नाहीं. जातां-येतां मिळून मोजावें.

याच घाटांत एक घातक समजूत अद्याप टिकून आहे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें टाकली कीं डिझेल वांचतें असें कित्येकांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. गाडी गिअरमध्यें असून पाय काढलेला असला म्हणजे चाकेंच इंजिनाला फिरवितात आणि संगणक डिझेल पूर्णपणें बंद करतो. न्यूट्रल केल्यास इंजिन स्वतःच्या बळावर जिवंत ठेवावें लागतें आणि त्यासाठीं डिझेल जळतेंच. शिवाय इंजिनाचा अटकाव गेल्यामुळें सगळा भार ब्रेकांवर येतो, ते तापून निकामी होऊं शकतात, आणि दोन टनांची गाडी घाटांत मोकळी सुटते. चमचाभर डिझेलही न वांचवितां सात जिवांचा धोका पत्करण्याचा हा प्रकार आहे.

टायरमधील हवेविषयीं फार सांगावयास नको. गाडीच्या दारावरील पट्टीवर लिहिलेला दाब, सकाळीं टायर थंड असतांना, पंधरवड्यांतून एकदां पाहावा. दहा पौंड हवा कमी असली तर सुमारें दोन टक्के डिझेल जातें आणि टायर झिजतो तो निराळाच. मात्र अर्धवट अडकलेल्या ब्रेकाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या खिळ्या गंजतात, पॅड मागें सरकत नाहीं, आणि गाडी रात्रंदिवस ब्रेक लावून चालते. पंधरा-वीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यानें, शक्य तितका कमी ब्रेक लावून जावें आणि उतरून चारही चाकांजवळ तळहात न्यावा; चाकाला स्पर्श करूं नये, भाजेल. एखाद्या चाकाची धग इतरांहून स्पष्ट अधिक असेल तर चोर सांपडला. आपल्या गृहस्थांच्या गाडीचें पुढचें डावें चाक असेंच निघालें.

परंतु सर्वांत मोठें कारण वेगळेंच होतें. भारतांत १ एप्रिल २०२० पासून धुराचे 'भारत स्टेज ६' हे कडक नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. मेकॅनिक तिला 'डीपीएफ' म्हणतात. मधाच्या पोळ्यासारख्या या गाळणींतील नळ्यांचीं तोंडें एकाआड एक बुजविलेलीं असतात. धूर सच्छिद्र भिंतींतून पार होतो आणि काजळी आंत राहते. ती साठली म्हणजे जाळावी लागते, आणि त्यासाठीं सुमारें ६०० अंश उष्णता लागते. शहरांतल्या संथ चालींत धूर इतका तापत नाहीं. म्हणून संगणक ठराविक काळानें मुख्य ज्वलनानंतर थोडें अधिक डिझेल सोडून धूर मुद्दाम तापवितो. हें काम दहा-वीस मिनिटें चालतें, आणि तेवढ्या वेळांत गाडी अर्थातच अधिक डिझेल खाते.

नाशिकच्या रस्त्यावर ही भट्टी केव्हां पेटली व केव्हां विझली हें गृहस्थांना कधीं कळलेंही नाहीं. पण शाळेच्या तीन किलोमीटरांत ती पेटते न पेटते तोंच गाडी बंद होई. काजळी तशीच राही, आणि पुढच्या फेरीला तोच प्रयत्न पुन्हा पहिल्यापासून. दर खेपेचें जादा डिझेल वायां! शिवाय शाळेच्या फाटकाशीं वातानुकूलन चालू ठेवून अर्धा अर्धा तास इंजिन घुरघुरत ठेवण्याची संवय. उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर जातें, आणि काजळी वाढते ती वेगळी.

येथवर प्रश्न पैशांचा होता. यापुढें तो इंजिनाच्या प्राणाचा होतो. उशिरा सोडलेलें तें डिझेल सगळेंच जळत नाहीं. थोडें सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खालच्या इंजिन ऑइलमध्यें मिसळतें. ऑइल पातळ होतें आणि त्याची पातळी वाढते. साधारण मालक डिपस्टिक काढून पाहतो ती ऑइल कमी झालें काय या शंकेनें. तें वरच्या खुणेच्याही वर दिसलें तर त्याला उलट समाधान वाटतें. खरें तर ती धोक्याची निशाणी आहे. पातळ ऑइलानें बेअरिंग आणि टर्बो झिजतात. आणि पातळी फारच वाढली तर इंजिन तें मिश्रण हवेच्या वाटेनें ओढून घेऊन, चावी बंद केल्यावरही, बेफाम धांवत सुटूं शकतें. गृहस्थांच्या डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपेक्षां जवळ जवळ बोटभर अधिक होतें आणि त्याला डिझेलचा वास येत होता. लाख रुपये खर्चून इंजेक्टर बदलले असते तरी हें ऑइल तसेंच राहिलें असतें.

उपाय खर्चाचा नाहीं. ऑइल तत्काळ बदलावें, व तें गाळणीच्या गाडीसाठीं कंपनीनें सांगितलेल्या कमी राखेच्या जातीचेंच असावें. आठवड्यांतून एकदां गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर, ताशीं ६० ते ८० किलोमीटरांच्या स्थिर चालीनें, फेरे २,००० च्या आसपास ठेवून न्यावी. उभ्या गाडीचे फेरे नेहमींपेक्षां वाढलेले वाटले, पंखा विनाकारण घोंघावूं लागला, किंचित् जळका वास आला, तर भट्टी पेटली आहे असें समजून घराच्या दारांत गाडी बंद न करतां एक फेरफटका मारून यावें. अशा वेळीं वाळलेल्या गवतावर गाडी उभी करूं नये. धुराडें इतकें तापलेलें असतें कीं गवत पेटेल. टाकी रिझर्व्हवर असतां पुष्कळ गाड्यांत ही क्रिया सुरूच होत नाहीं. कांहीं ठिकाणीं गाळणी कापून काढून देण्याची 'सोय' करतात. तें बेकायदेशीर आहे, आणि ती काजळी मग शाळेच्या फाटकाशीं उभ्या असलेल्या मुलांच्या छातींत जाते.

या रोगाचा एक सोबती थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला तर इंजिनाचें पाणी नेहमींच्या ८५-९० अंशांपर्यंत तापतच नाहीं. थंड इंजिन डिझेल अधिक घेतें आणि काजळी जाळण्याची क्रिया टाळतें. हमरस्त्यावर उष्णतेचा कांटा खालीं घसरत असेल तर आधीं हा तपासावा. किंमत थोडी असते.

खुद्द इंजिनाच्या दोषांत हवेच्या वाटेचे दोष अधिक आढळतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या रबरी नळीला चीर गेली तर जोर दिला असतां फुसफुस ऐकूं येते, काळा धूर निघतो, सांध्याशीं तेलाचा ओलावा दिसतो. गाडी ओढीत नाहीं म्हणून चालक पाय अधिक दाबतो. धुराचा कांहीं भाग परत इंजिनांत सोडणारी ईजीआर झडप काजळीनें उघडी अडकली तरी लक्षणें अशींच. घाटांत फेरे वाढतात पण वेग वाढत नाहीं, असें असल्यास क्लच प्लेट संपत आली. आणि इंजेक्टर? त्यांची परीक्षा करतां येते. प्रत्येकाच्या परतीच्या नळीला एकेक लहान बाटली लावून इंजिन कांहीं मिनिटें चालवितात. ज्याची बाटली इतरांपेक्षां झपाट्यानें भरते तो दोषी. तेवढा एक बदलावा किंवा दुरुस्त करावा. चारही बदलण्याचें कारण बहुधा नसतें. ही परीक्षा मात्र जाणत्या मेकॅनिककडूनच करवून घ्यावी. या नळ्यांमागील दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट असतो. बारीक गळती बोटानें चाचपूं गेल्यास डिझेलची धार कातडींतून आरपार आंत शिरते, आणि ती जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची पाळी येऊं शकते.

गृहस्थांनीं बाटल्या लावूनच घेतल्या. चारही सारख्या भरल्या. ऑइल बदललें, डावा ब्रेक मोकळा केला, हवा भरली, आणि दर रविवारीं सकाळीं गाडी सासवडच्या रस्त्यानें फिरून येऊं लागली. पुढच्या तीन टाक्यांची बेरीज करून, टायरची दुरुस्ती धरून, वहींत १२.७ हा आंकडा लागला. शहरांतल्या फेऱ्या चालू असतांना साडेतेरा येणार नाहीं हें त्यांनीं मान्य केलें आहे. शाळेला आतां नातू आजोबांबरोबर पायीं जातो. टपावरची जाळी मात्र अद्याप तशीच आहे. चिरंजीवांच्या मतें ती गाडीला शोभते.